शिवू की नको?

हौसेने आणलेले कापड कपाटात घडीवर पडलेले असते. एखाद्या दुपारी घरात सामसूम होते, मशीनवरचे झाकण निघते, कातर हातात येते आणि नेमकी तेव्हाच मनात पाल चुकचुकते. खरेच या ड्रेसची गरज आहे का? कपाटात आठ-दहा ड्रेस आहेत, त्यांतले निम्मे वर्षभरात अंगाला लागलेले नाहीत. मग दोन दुपारी मान-पाठ एक करून हा खटाटोप कशासाठी?

ही शंका आली की बहुतेक जणी दोहोंपैकी एक करतात. कापड पुन्हा घडी घालून ठेवतात, नाहीतर शंका दाबून घाईघाईने शिवून मोकळ्या होतात. दोन्हींत नुकसानच होते. शंका वाईट नाही, पण तिला नीट उत्तर द्यायला हवे.

आपल्या आई-आजींना ही शंका फारशी येत नसे, कारण त्यांचा हिशेब सरळ होता. झबली, टोपडी, परकर घरीच शिवले की शिलाई वाचे. दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्या बहिणींचे फ्रॉक निघत. फ्रॉकच्या घेराला आतून चार बोटे दुमड ठेवायची आणि मुलगी वाढली की टीप उसवून ती सोडायची, ही युक्ती घरोघरी होती. उसवलेल्या जागी गडद रंगाची रेघ दिसे, तिच्यावर लेस बसे! लग्नाच्या मुलीने शिवणाचा क्लास केलेला असावा अशी अपेक्षाही त्यातूनच आली. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीसुद्धा १९२४ साली एका संवादात सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. घरातल्या बाईचे कष्ट कमी करणारे यंत्र म्हणून त्यांना त्याचे कौतुक होते.

आज हा हिशेब बदलला आहे. अंगापिंडाने मध्यम असलेल्या स्त्रीच्या पंजाबी ड्रेसला ४४ इंच पन्ह्याचे कापड घेतले, तर कमीजला अडीच मीटर, सलवारीला सव्वादोन ते अडीच आणि ओढणीला तेवढेच लागते. म्हणजे सात-साडेसात मीटर कापड, शिवाय दोरा, गळ्याचे अस्तर, लेस. एवढ्या पैशांत बाजारात तयार ड्रेस सहज मिळतो, कधी कधी दोनही. घरी शिवून पैसे वाचतात हे कारण आता सगळ्या वेळी खरे नाही, हे स्पष्टच म्हटलेले बरे.

आणि इथेच खरी गोम आहे. बचतीचे कारण होते तोवर शिवणाला बसलेल्या बाईला कुणी विचारत नसे, कारण ती मुलांचे किंवा घराचे शिवत असे. आता ती स्वतःचा ड्रेस शिवायला बसते, तेव्हा तिचे तिलाच चुकल्यासारखे वाटते. टीव्हीसमोर किंवा मोबाइलवर तीन तास गेले तर त्याचा जाब ती स्वतःला विचारत नाही, मशीनपुढचे तीन तास मात्र तिला खुपतात. तेव्हा ‘गरज आहे का?’ हा प्रश्न कापडाविषयी आहे की आपल्या वेळाविषयी, हे आधी ओळखावे. वेळाविषयी असेल तर तो खुशाल बाजूला ठेवावा. हौस हेही कारण असू शकते, तिला बचतीचा मुखवटा चढवण्याची गरज नाही.

कापडाविषयीची शंका मात्र खरी आहे. एका सुती टी-शर्टमागे कापसाच्या शेतापासून साधारण २,७०० लिटर पाणी खर्च होते, असा अंदाज दिला जातो. न वापरलेले कपडे शेवटी बोहारणीकडे जातात, किंवा लांब हरियाणात पानिपतला पोहोचतात. तिथे जुन्या कपड्यांचे धागे काढून ब्लँकेटे बनवण्याचा मोठा उद्योग आहे. म्हणून शंका घ्यायची ती दुकानातच, मीटर मोजून घेण्यापूर्वी. कापड घरात आल्यावर ते कपाटात ठेवून काहीच वाचत नाही. उलट घडीवर रेषा पडतात आणि कसर लागते ती वेगळीच.

घरी शिवण्याच्या बाजूने एक कारण अजूनही भक्कम आहे, ते म्हणजे माप. तयार कपड्यांत छाती बसली तर मुंढा काचतो, मुंढा बसला तर कमरेत झोळ येतो. आपल्याकडच्या तयार कपड्यांची मापे बरीचशी परदेशी तक्त्यांवरून आलेली. म्हणूनच फॅशन तंत्रज्ञान संस्थेने (निफ्ट) भारतीयांची मापे घेण्याचा प्रकल्प २०१८ साली जाहीर केला. सहा शहरांतील २५ हजार लोकांची मापे त्रिमितीय यंत्रांनी घेण्याची ती योजना होती. ज्यांचा एक खांदा उतरता आहे, ज्यांना बाळंतपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर सैल आणि पुढे उघडणारा कपडा लागतो, त्यांच्यासाठी घरचे मशीन चैनीची वस्तू नाही.

मग ठरवायचे कसे? कपाटातले न वापरलेले ड्रेस आधी बाहेर काढा. ते का वापरले जात नाहीत? बाही घट्ट, गळा मोठा, उंची जुनी अशी कारणे निघाली, तर पहिले काम त्यांचे. बाजूच्या शिलाईत दाब शिल्लक असेल तर अर्ध्या तासात ड्रेस परत अंगात येतो. एवढे करूनही नव्याची जागा उरली, तर तो कुठे-कुठे घालणार ते मनाशी म्हणा. एकच लग्न आठवले तर थांबा. ऑफिस, बाजार, प्रवास अशी रोजची ठिकाणे आठवली तर खुशाल बेता.

फक्त लगेच कातर लावू नका. अखंड कापडाचे कुणाचेही काही होऊ शकते. भाचीचा ड्रेस होईल, उशांचे अभ्रे होतील. एकदा मुंढा कापला की ते फक्त तुमच्या मापाचे. सुती कापड आटते, म्हणून ते रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच बेतायचे असते. विचाराला तेवढा एक दिवस आपोआप मिळतो. दुसऱ्या दिवशीही शिवावेसे वाटले, तर अंगाला नेमका बसणारा जुना ड्रेस कापडावर पसरा, बाजूला इंचभर दाब सोडून खडूने आखा आणि मशीनला कापडाच्या जाडीप्रमाणे सुई लावा. पॉपलीनला १४ नंबर, मलमलीला ११.