अकरा मिलिमीटर

बँकेत दिवसअखेर आकडा जुळला की आम्ही घरी जायला मोकळे. गर्भाच्या मेंदूचा आकडा तसा जुळत नाही. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीची रुंदी मोजतात. १० मिलिमीटरच्या आत असली तर ठीक, १५ च्या पुढे गेली तर गंभीर. मधल्या पाच मिलिमीटरांत आईबाप अडकतात.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीच्या रिपोर्टात ११ आले. ‘‘काका, म्हणजे बाळ नॉर्मल की नाही?’’ डॉक्टरीणबाई प्रामाणिक होत्या : दुसरा दोष नसेल, तर अशी बहुतेक मुले धडधाकट वाढतात. बहुतेक, सगळी नव्हेत. मग एमआरआय, पुन्हा मोजणी, आणि घरात कोणी मोठ्याने बोलेना.

मेंदू सावकाश घडतो, ही खरी अडचण. कवटीच नसणे बाराव्या-तेराव्या आठवड्यातही दिसू शकते. बहुतेक वळ्या मात्र सहाव्या महिन्यानंतर उमटतात. १९७१ चा कायदा २० आठवड्यांवर थांबत असे. बाळाला कवटी नसतानाही जानेवारी २०१७ मध्ये मुंबईच्या एका बाईला २४व्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. २०२१ च्या दुरुस्तीने गंभीर व्यंगासाठी ती मुदत उठवली आणि निर्णय वैद्यकीय मंडळाकडे दिला. बरेच झाले. पण ११ मिलिमीटरला मंडळ काय म्हणणार?

गर्भलिंग सांगणार नाही, ही पाटी प्रत्येक सोनोग्राफीच्या खोलीत असते, आणि असायलाच हवी. सापडलेल्या आकड्याचा अर्थ सांगायला अर्धा तास शेजारी बसणारे माणूस मात्र तालुक्याच्या गावी आजही शोधावे लागते.