यष्टींमागची दृष्टी : मुंबईचे यष्टिरक्षक आणि प्रशिक्षकाचे पद

सांघिक खेळांत गोल किंवा यष्टी राखणाऱ्या खेळाडूचे स्थान उरलेल्या साऱ्या खेळाडूंपेक्षा वेगळे असते, कारण त्याच्यासाठी नियमही वेगळे असतात आणि त्याच्या कामाचा हिशेबही वेगळ्या रीतीने मांडला जातो. आघाडीच्या खेळाडूने दहा संधी दवडून अकराव्या वेळी यश मिळवले तरी त्याचे कौतुक होते. राखणदाराने मात्र दहा वेळा चोख काम करून अकराव्या वेळी चूक केली, तर लोकांच्या लक्षात तेवढी चूकच राहते. असे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या खेळाडूंपैकी अनेक जण निवृत्तीनंतर प्रशिक्षक म्हणून नाव मिळवतात. मुंबईच्या क्रिकेटमध्ये तर गेल्या पाव शतकात या गोष्टीला जवळजवळ परंपरेचे रूप आले आहे, आणि या परंपरेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे चंद्रकांत पंडित यांची कारकीर्द होय.

राखणदाराची विद्या किती स्वतंत्र असू शकते, हे पाहण्यासाठी हँडबॉलचे उदाहरण उपयोगी पडते. हा खेळ हाताने चेंडू फेकून, प्रत्येकी सात खेळाडूंच्या दोन संघांत, ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद अशा मैदानावर खेळला जातो. त्याचा गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच असतो आणि गोलासमोरच्या ६ मीटरच्या क्षेत्रात गोलरक्षकाखेरीज कोणाला उभे राहता येत नाही. गोलरक्षक हातमोजे न घालता, हात, पाय, छाती अशा सर्वांगाने अगदी जवळून येणारे वेगवान फटके अडवतो, आणि तीनपैकी एक फेक अडवणारा गोलरक्षकही उत्तम गणला जातो. म्हणजेच बहुतांश वेळा हरणे हे गृहीत धरूनच त्याला पुढच्या फेकीसाठी मन ताजे ठेवावे लागते. क्रोएशियासारख्या छोट्या देशाने १९९६ आणि २००४ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि २००३ चे जागतिक विजेतेपद या खेळात मिळवले. त्यांपैकी २००३ आणि २००४ च्या संघांत गोलरक्षक असलेले व्लादो शोला पुढे झाग्रेब या क्लबचे आणि माँटेनेग्रोच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. भारतात हा खेळ अजून मोठा प्रेक्षकवर्ग मिळवण्याच्या वाटेवर असून २०२३ साली झालेल्या पहिल्या प्रीमियर हँडबॉल लीगचे विजेतेपद महाराष्ट्र आयर्नमेन या संघाने पटकावले. गोलरक्षक ते प्रशिक्षक हा प्रवास मराठी वाचकाला ओळखीच्या मैदानावर पाहायचा असेल, तर मात्र क्रिकेटच्या यष्टिरक्षकाकडेच वळावे लागते.

क्रिकेटच्या नियमांनुसार क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघात केवळ यष्टिरक्षकालाच हातमोजे आणि बाहेरून दिसणारे पॅड वापरण्याची मुभा असते. चेंडू फलंदाजाच्या बॅटला वा अंगाला लागेपर्यंत, यष्टी ओलांडेपर्यंत किंवा फलंदाज धाव घेण्याचा प्रयत्न करेपर्यंत त्याने पूर्णपणे यष्टींच्या मागेच राहिले पाहिजे, असे बंधनही त्याच्यावर असते. वेगवान गोलंदाजीला तो काही पावले मागे उभा राहून बॅटची कड घेऊन आलेले झेल टिपतो, तर फिरकीला यष्टींना लागून उभा राहतो, जेथे क्रीज सोडून पुढे सरसावलेला फलंदाज चुकताच यष्टी उडवून त्याला यष्टिचीत करण्यासाठी क्षणाचाही पुरता अवधी मिळत नाही. या जागी चेंडू फलंदाजाच्या अंगाआड गेला की तो काही काळ दिसेनासा होतो, म्हणून गोलंदाजाच्या मनगटावरून चेंडू कोठे वळेल याचा अंदाज आधीच बांधावा लागतो, आणि चेंडू टप्पा घेऊन उसळेपर्यंत कंबर वर न उचलता खालीच राहावे लागते. दिवसाला नव्वद षटके टाकली गेली तर यष्टिरक्षक पाचशेहून अधिक वेळा बसतो आणि उठतो, आणि त्यातल्या प्रत्येक चेंडूकडे त्याला हाच चेंडू आपल्याकडे येणार आहे अशा तयारीने पाहावे लागते.

मुंबईत ही विद्या घडण्यास तेथील मैदानांचा आणि पावसाचा मोठा हातभार लागला आहे. १९४८ साली सुरू झालेली डॉ. एच. डी. कांगा साखळी स्पर्धा ऐन पावसाळ्यात, न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर खेळवली जाई, जेथे एक चेंडू गुडघ्याखाली सरपटे, तर त्याच टप्प्यावरचा दुसरा छातीपर्यंत उसळे. अशा खेळपट्टीवर फलंदाजाइतकीच यष्टिरक्षकाचीही परीक्षा होते. मुंबईचे कर्णधारपद भूषवून रणजी करंडक जिंकणारे माधव मंत्री हे यष्टिरक्षक होते, चार कसोटी सामने खेळले होते, आणि पुढे मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष आणि १९९० च्या इंग्लंड दौऱ्यावर भारतीय संघाचे व्यवस्थापकही झाले. त्यांच्यानंतरच्या नरेन ताम्हाणे यांनी २१ कसोटींत ५१ बळी टिपले. त्यांपैकी १६ यष्टिचीत होते, आणि सुभाष गुप्ते यांच्यासारख्या लेगस्पिनरला यष्टींजवळ उभे राहून राखण्याचे त्यांचे कसब या आकड्यात दिसते. पुढे ते राष्ट्रीय निवड समितीवरही होते. यष्टींमागून खेळ पाहिलेल्या माणसाकडे निवडीची आणि व्यवस्थापनाची कामे सोपवण्याची मुंबईची सवय अशी जुनी आहे.

व्यावसायिक प्रशिक्षकाचे पद रूढ झाल्यावर हीच सवय त्या पदापर्यंत पोचली. २००२-०३ आणि २००३-०४ असे लागोपाठ दोन रणजी करंडक मुंबईने चंद्रकांत पंडित यांच्या प्रशिक्षणाखाली जिंकले. २०१२-१३ चे चाळिसावे विजेतेपद मिळवणाऱ्या संघाचे प्रशिक्षक सुलक्षण कुलकर्णी होते, आणि २०१५-१६ च्या एकेचाळिसाव्या विजेतेपदाच्या वेळी पुन्हा पंडितच होते. २०१७-१८ च्या हंगामात समीर दिघे यांनी हे पद सांभाळले. २००१ च्या चेन्नई कसोटीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने १५५ धावांचे लक्ष्य दोन गडी राखून गाठले, तेव्हा नाबाद २२ धावा करणारे ते हेच. त्यांच्यानंतर आलेल्या विनायक सामंत यांच्या काळात मुंबईने २०१८-१९ चा विजय हजारे करंडक जिंकला. हे चौघेही मूळचे यष्टिरक्षक होते, आणि २०१५-१६ च्या विजेत्या संघाचा कर्णधार आदित्य तरे हाही यष्टिरक्षकच होता.

३० सप्टेंबर १९६१ रोजी मुंबईत जन्मलेले चंद्रकांत पंडित हे रमाकांत आचरेकर यांच्या शिष्यांपैकी एक. त्यांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचे वैशिष्ट्य असे, की ज्या कौशल्यावर त्यांची घडण झाली, ते दाखवण्याची संधी त्यांना भारतासाठी फार थोडी मिळाली. १९८६ साली हेडिंग्ली येथे त्यांनी कसोटी पदार्पण केले ते फलंदाज म्हणून, कारण हातमोजे किरण मोरे यांच्याकडे होते; आणि १९८७ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, ५ नोव्हेंबर रोजी वानखेडे स्टेडियमवर, आजारी पडलेल्या दिलीप वेंगसरकर यांच्या जागी खेळतानाही त्यांनी फलंदाज म्हणूनच २४ धावा केल्या. तो सामना भारताने इंग्लंडविरुद्ध ३५ धावांनी गमावला. पाच कसोटी आणि छत्तीस एकदिवसीय सामने एवढ्यावरच त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द थांबली. देशांतर्गत क्रिकेटमध्ये मात्र त्यांनी आठ हजारांहून अधिक प्रथम श्रेणी धावा ४८ च्या वर सरासरीने केल्या आणि बावीस शतके झळकावली. निव्वळ यष्टिरक्षक म्हणवणाऱ्या खेळाडूंत असे आकडे विरळाच आढळतात.

मुंबईनंतर आसाम आणि मध्य प्रदेश या संघांकडून खेळताना त्यांच्यावर नेतृत्वाची जबाबदारी आली. १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात, बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर, मध्य प्रदेशाने कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळवली होती. रणजी करंडकाच्या पद्धतीनुसार सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर विजेता ठरतो, त्यामुळे कर्णधार पंडित यांच्या संघाला अखेरच्या दिवशी केवळ तग धरायचा होता. पण चौथ्या डावात तो संघ कोसळला आणि विजेतेपद कर्नाटकाकडे गेले.

प्रशिक्षक म्हणून त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत बोलके यश मुंबईबाहेर आले. जानेवारी २०१७ मध्ये इंदूरला झालेल्या अंतिम सामन्यात मुंबई गुजरातकडून हरली, आणि त्यानंतर पंडित विदर्भाकडे गेले. ज्या संघाने तोवर एकदाही रणजी करंडक जिंकला नव्हता, त्या विदर्भाने फैझ फझलच्या नेतृत्वाखाली २०१७-१८ साली दिल्लीला हरवून आणि २०१८-१९ साली नागपुरात सौराष्ट्राला हरवून लागोपाठ दोनदा हा करंडक उचलला. दोन्ही वर्षी इराणी करंडकही विदर्भानेच जिंकला. पुढे मध्य प्रदेशाची सूत्रे हाती घेतल्यावर जून २०२२ मध्ये त्यांचा संघ पुन्हा चिन्नास्वामीवर अंतिम सामन्यात उतरला, आणि समोर होती मुंबई. सर्फराझ खानच्या १३४ धावांच्या जोरावर मुंबईने ३७४ धावा केल्या, त्याला मध्य प्रदेशाने यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांच्या शतकांसह ५३६ धावांनी उत्तर दिले आणि सामना सहा गडी राखून जिंकला. मध्य प्रदेशाचा हा पहिला रणजी करंडक होता. तीन संघांसाठी मिळून सहा रणजी विजेतेपदे मिळवणाऱ्या पंडित यांना त्याच वर्षी कोलकाता नाइट रायडर्सने मुख्य प्रशिक्षक नेमले, आणि त्या संघाने २०२४ ची आयपीएल जिंकली.

ज्या संघांत तारांकित खेळाडू थोडे होते, तेथे पंडित यांच्या कडक शिस्तीचा आणि प्रत्येकाचे काम नेमके ठरवून देण्याच्या पद्धतीचा प्रभाव अधिक पडला, असे या इतिहासावरून दिसते. त्याचे मूळ यष्टींमागच्या जागेत शोधता येते. साऱ्या क्षेत्ररक्षकांत यष्टिरक्षक एकटाच प्रत्येक चेंडू समोरून पाहतो, गोलंदाजाचा थकवा आणि फलंदाजाच्या पायांची चलबिचल त्याला सर्वांत आधी कळते, आणि क्षेत्ररचनेतील फट कर्णधाराला दाखवून देणे हे त्याचे रोजचे काम असते. शिवाय चांगले यष्टिरक्षण धावफलकावर दिसत नाही, न दिलेल्या बाय धावांची बातमी होत नाही. त्यामुळे श्रेय दुसऱ्याला मिळत असताना आपले काम चोख करण्याची जी सवय त्याला लागते, तीच प्रशिक्षकाच्या पदाची पहिली अट असते. अर्थात हा नियम नव्हे. मुंबईला यश मिळवून देणारे प्रवीण आमरे फलंदाज होते, आणि २०२३-२४ चा बेचाळिसावा करंडक ओंकार साळवी यांच्या प्रशिक्षणाखाली आला, जे गोलंदाज होते. यष्टिरक्षण माणसाला प्रशिक्षक बनवत नाही. प्रशिक्षकाला लागणाऱ्या नजरेचा सराव मात्र ते त्याच्याकडून वर्षानुवर्षे करून घेते.

मुंबईच्या क्रिकेटचे केंद्र शिवाजी पार्क आणि आझाद मैदानाकडून उपनगरांकडे सरकत असताना या निष्कर्षाला व्यवहाराचे महत्त्व येते. रोहित शर्मा बोरिवलीच्या शाळेतून दिनेश लाड यांच्या हाताखाली घडला, कांदिवलीत मुंबई क्रिकेट असोसिएशनचा सचिन तेंडुलकर जिमखाना उभा राहिला, आणि मार्च २०२४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर मुंबईने रणजी उपांत्य फेरीत ज्या तमिळनाडूला हरवले, त्या संघाचे प्रशिक्षक सुलक्षण कुलकर्णीच होते. अंधेरी, मुलुंड, घाटकोपर येथील शिबिरांत मुले येतात ती फलंदाज किंवा वेगवान गोलंदाज होण्यासाठी, आणि हातमोजे बहुधा त्याच मुलाच्या वाट्याला येतात जो नाही म्हणत नाही. शिबिरे चालवणाऱ्यांनी आणि पालकांनी या जागेकडे उरलेली जागा म्हणून पाहू नये. दर आठवड्याला यष्टिरक्षणाचा स्वतंत्र वर्ग घ्यावा, फिरकीला यष्टींजवळ उभे राहण्याचा सराव लहानपणापासून द्यावा आणि क्षेत्ररचनेविषयी त्या मुलाचे मत आवर्जून विचारावे. मुंबईला पुढचा पंडित हवा असेल, तर त्याची सुरुवात येथूनच करावी लागेल.