राहून गेलेली तालीम

घरी पाहुणा आला की त्याला सेवाग्राम दाखवायला नेणे हे आम्हा वर्धेकरांचे ठरलेलेच काम. बापू कुटीतली चटई, तो जुना टेलिफोन, साप पकडण्याचा लाकडी चिमटा, सगळे तोंडपाठ झालेले. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून पुतणी आली होती. कुटीच्या ओसरीवर बसून तिने विचारले, ''काका, अमेरिकेतले कृष्णवर्णीय पुढारी इथे येऊन काय शिकून गेले हो?'' मी चटकन ''अहिंसा'' म्हणून मोकळा झालो. पण उत्तर मलाच पटले नाही. त्याचे कारण पन्नास वर्षांपूर्वीच्या एका विहिरीत आहे. पण ते जरा नंतर.

1936 साल संपता संपता बेंजामिन मेज नावाचे प्राध्यापक गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले. तेव्हा सेवाग्रामचे नाव शेगावच होते आणि गांधीजी तिथे राहायला येऊन वर्षही झाले नव्हते. दीड तास बोलणे झाले. संख्येने थोड्या असलेल्यांनी प्रचंड बहुसंख्येपुढे काय करावे, हा मेज यांचा रोकडा प्रश्न. जातिव्यवस्थेविरुद्ध तुम्ही युद्ध का पुकारत नाही, असेही त्यांनी विचारले. (त्या उत्तराने आमच्या जिल्ह्यातल्या पुष्कळांचे समाधान कधीच झाले नाही, हेही इथेच सांगितलेले बरे.) याच दौऱ्यात म्हैसूरकडच्या अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत हेडमास्तरांनी मेज यांची ओळख 'अमेरिकेतले अस्पृश्य' अशी करून दिली. आधी त्यांना राग आला. मग विचार केल्यावर त्यांना त्यात तथ्य वाटले. पुढे ते अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि तिथे त्यांच्या हाताखाली मार्टिन ल्यूथर किंग नावाचा विद्यार्थी शिकला.

पण माझे मन रेंगाळते ते दुसऱ्याच माणसापाशी. जेम्स लॉसन. 1953 ते 1956 हा तरुण आपल्या नागपुरात, हिस्लॉप कॉलेजात होता. मुलांना खेळ शिकवायचा आणि सत्याग्रहाचा अभ्यास करायचा. सैन्यभरतीला नकार दिला म्हणून अमेरिकेत तुरुंगवास भोगून आलेला. माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची बातमी त्याने वाचली ती नागपुरात, वर्तमानपत्रात. मायदेशी परतल्यावर 1957 साली किंग यांची गाठ पडली. ते म्हणाले, थांबू नका, दक्षिणेत या. लॉसन नॅशव्हिलला गेले आणि चर्चच्या तळघरात त्यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले.

या वर्गांत भाषणे होतच, पण खरी गंमत पुढेच आहे. आधी त्यांनी गावातल्या कृष्णवर्णीय बायकांना विचारले, तुम्हाला सर्वांत जास्त काय सलते? त्यांनी सांगितले, बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानांत आमचे पैसे चालतात, पण तिथल्या खाण्याच्या टेबलाशी आम्हाला बसता येत नाही. तेच टेबल लढ्यासाठी निवडले. मग तालीम. निम्म्या मुलांनी खुर्च्यांवर बसायचे, उरलेल्यांनी त्यांना शिव्या द्यायच्या, ढकलायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा. बसलेल्याने हात उगारायचा नाही. मार पडला तर डोके कसे झाकायचे, शेजारच्याला मारत असतील तर मध्ये कसे जायचे, एक तुकडी पकडली गेली की दुसरी कधी उठायची, सगळे आधी करून पाहिलेले. 1959 च्या अखेरीस दोनदा नुसते जाऊन, नकार ऐकून परत आले. 13 फेब्रुवारी 1960 ला शंभरावर विद्यार्थी शिस्तीत जाऊन बसले. 27 तारखेला मार खाल्ला आणि सुमारे ऐंशी जण तुरुंगात गेले. त्यांची जागा घ्यायला पुढची तुकडी तयारच होती. गावाने दुकानांवर बहिष्कार टाकला. 10 मे रोजी सहा दुकानांतली टेबले सर्वांना खुली झाली. लॉसन यांना मात्र विद्यापीठाने मार्चमध्येच काढून टाकले होते! पुढे 2006 साली त्याच विद्यापीठाने त्यांना शिकवायला बोलावले. 2024 च्या जूनमध्ये पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले.

आता माझी विहीर.

1973 चा उन्हाळा, दुष्काळाचे दिवस. आम्ही कॉलेजची पंधरा-वीस पोरे सेलू तालुक्यातल्या एका गावी दहा दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. प्रभातफेरी, श्रमदान, संध्याकाळी गाणी. बौद्धपुऱ्यातली विहीर आटलेली. गावविहिरीला पाणी होते, पण तिथे त्यांचा दोर चालत नव्हता. नवव्या दिवशी आमच्या डोक्यात आले, उद्या सगळ्यांनी मिळून गावविहिरीवर जायचे. पुऱ्यातल्या बायकांना आम्ही विचारले नाही. नुसते सांगितले. तरी पाचसहा जणी घागरी घेऊन आल्या.

पहिली बादली वर आली आणि कोणीतरी तीत शेणाचा गोळा टाकला. मी त्याची कॉलर धरली.

पुढचे सांगण्यासारखे नाही. दोन मिनिटांत हाणामारी झाली आणि पाण्याचा प्रश्न बाजूला राहिला. शहरातल्या पोरांनी गावातल्या माणसाला मारले, एवढीच गोष्ट उरली. दुसऱ्या दिवशी पुऱ्यातल्या कोणालाच कामावर बोलावले नाही. आम्ही वळकट्या बांधून एस. टी. ची वाट पाहत उभे होतो. एक बाई जवळ आली. रागावली नव्हती. म्हणाली, ''तुमी त जासान घरी भाऊ, आमाले त अठीच राहा लागते.''

लॉसन यांच्या वर्गांविषयी मी वाचले ते यानंतर पुष्कळ वर्षांनी. वाचताना कान तापले. आमच्याकडे सेवाग्राम हाकेच्या अंतरावर होते, सूतकताई येत होती, गाणी येत होती. पण शेण पडल्यावर काय करायचे, हे दहा दिवसांत कोणी एकदाही करून पाहिले नव्हते. मजुरी बंद झाली तर पुऱ्यात चूल कशी पेटेल, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता. धैर्य कमी नव्हते हो. पुऱ्यातल्या बायकांत तर आमच्यापेक्षा जास्त होते.

पुतणीला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, ''मग परत गेला होतात का कधी?''

नव्हतो गेलो. म्हणून तिच्यासोबतच गेलो, दुसऱ्या दिवशी सकाळी. गावविहीर आता कचऱ्याने भरली आहे, नळ घरोघर आले आहेत. त्या बाईचे घर विचारत गेलो. बाई राहिल्या नव्हत्या. मुलगा भेटला, साठीचा असेल. शिबिराचे नाव काढताच म्हणाला, ''तवा मी लायना होतो. मायसंगं विहिरीवरच होतो. पोलीस-गिलीस आलते. कॉलर कोनं धरली होती, तुमाले मालूम हाये का?''

''मीच'' म्हणालो.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग आत वळून त्याने चहा टाकायला सांगितले आणि म्हणाला, ''तीन महिने कामावर न्हाई बोलावलं आमाले. बसा.''