ओआहाका
दक्षिण मेक्सिकोतील ऐतिहासिक शहर व त्याच नावाच्या राज्याची राजधानी. हे डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सु. १,५५० मी. उंचीवर वसले आहे. स्पॅनिशांनी वसविलेल्या या शहरास १५३२ मध्ये नगराचा दर्जा मिळाला. जुन्या इमारती हिरवट दगडाच्या असून सांतो दोमिंगोचे चर्च विशेष प्रेक्षणीय आहे.

शहरानजीकच्या सु. ४०० मी. उंच टेकडीवर माँते आल्बान या झापोटेकांच्या प्राचीन राजधानीचे अवशेष आहेत. इ. स. पू. सु. ५०० मध्ये स्थापन झालेले हे नगर इ. स. नवव्या शतकाच्या सुमारास ओस पडले. टेकडीचा माथा सपाट करून केलेल्या विस्तीर्ण चौकाभोवती पायऱ्यांचे चौथरे आहेत. येथील तीनशेहून अधिक शिलापट्टांवरील नग्न पुरुषाकृतींना, त्यांच्या वेड्यावाकड्या अंगविक्षेपांमुळे, ‘नर्तक’ म्हणतात. हे नाव रूढ असले, तरी दिशाभूल करणारे आहे. मिटलेले डोळे, उघडी तोंडे व छिन्न अवयव पाहता त्या ठार मारलेल्या युद्धकैद्यांच्या असाव्यात, असे अनेक संशोधक मानतात. आल्फॉन्सो कासो यांना १९३२ मध्ये येथील सातव्या क्रमांकाच्या थडग्यात सुवर्णालंकार सापडले. थडगे झापोटेकांचे, ऐवज मात्र मागाहून आलेल्या मिश्टेकांचा. तो सांतो दोमिंगोच्या मठातील संग्रहालयात असल्याने टेकडीवरून परतल्यावर पाहणे सोयीचे पडते.