मुंग्यांची गुणसूत्रे : एका जोडीपासून साठ जोड्यांपर्यंत

सजीवांच्या पेशींच्या केंद्रकात गुणसूत्रे असतात व आनुवंशिक गुणांचा वारसा त्यांच्याद्वारे पुढील पिढीकडे जातो, हे शालेय पाठ्यपुस्तकांमुळे सर्वपरिचित झाले आहे. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. यावरून प्राणी जितका प्रगत तितकी त्याची गुणसूत्रे अधिक, असा समज विद्यार्थ्यांत सहज रुजतो. तो किती निराधार आहे हे पाहावयाचे असेल, तर मुंग्यांच्या कुळाकडे वळावे.

१९८६ साली क्रॉसलँड व क्रोझियर या संशोधकांनी ऑस्ट्रेलियातील कॅनबेराजवळच्या एका मुंगीची माहिती प्रसिद्ध केली. या मुंगीच्या मादीत गुणसूत्रांची एकच जोडी आढळली आणि नरात तर एकच गुणसूत्र! मुंग्यांमध्ये फलित अंड्यापासून मादी व अफलित अंड्यापासून नर जन्मतो. म्हणून नराच्या वाट्याला मातेच्या निम्मी गुणसूत्रे येतात. पुढे या मुंगीला ‘मिर्मेशिया क्रॉसलँडी’ असे नाव देण्यात आले. याउलट, ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या अरण्यातील ‘डायनोपोनेरा ल्युसिडा’ या मोठ्या मुंगीत १२० पर्यंत गुणसूत्रे मोजली गेली आहेत.

एकाच कुळात एवढी तफावत कशी पडली? गुणसूत्र मधोमध तुटले की एकाची दोन होतात. दोन गुणसूत्रे टोकाशी जुळली की दोहोंचे एक होते. दोन्ही प्रकारांत आनुवंशिक मजकूर बहुतांशी तोच राहतो, केवळ त्याची बांधणी बदलते. ग्रंथ एका खंडात बांधला काय किंवा दहा खंडांत, मजकूर तोच, तसेच हे आहे.

जपानी शास्त्रज्ञ हिरोतामी इमाई यांनी यामागे एक सूत्र मांडले. केंद्रकाच्या अपुऱ्या जागेत लांब गुणसूत्रे एकमेकांना भिडतात आणि त्यांच्या तुकड्यांची घातक अदलाबदल होण्याचा संभव असतो. गुणसूत्रे लहान झाली की हा धोका घटतो. म्हणून उत्क्रांतीच्या ओघात त्यांची संख्या वाढत जाण्याकडे कल असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. भारतीय मुंग्यांच्या गुणसूत्रांची पाहणीही इमाई व त्यांच्या जपानी आणि भारतीय सहकाऱ्यांनी केली व ती १९८४ साली प्रसिद्ध झाली.

तथापि प्रवाह उलटाही वाहू शकतो. क्रॉसलँडीची एकुलती जोडी अनेक गुणसूत्रे जुळून झाली असावी. आपल्या सह्याद्रीतील भेकराचेही तसेच आहे. त्याच्या मादीत ६ व नरात ७ गुणसूत्रे असतात. त्याच्या चिनी भाईबंदात मात्र ती ४६ आहेत.

ही मोजणी केवळ कुतूहलापुरती नाही. क्रॉसलँडीच्या आप्तगटातील मुंग्या दिसावयास जवळजवळ सारख्या. परंतु त्यांची गुणसूत्रे २ पासून ३२ पर्यंत असल्याचे आढळल्यावर ही एक जात नसून अनेक जाती आहेत, हे स्पष्ट झाले. याच गटातील मुंग्यांच्या दंशाने टास्मानिया व आग्नेय ऑस्ट्रेलियात काही व्यक्तींना प्राणघातक प्रतिक्रिया होते. त्यामुळे कोणती मुंगी कोठे राहते, हे नेमके कळणे महत्त्वाचे ठरते. ब्राझीलची ल्युसिडाही जंगलतोडीमुळे संकटात आहे. अरण्याच्या तुटक पट्ट्यांत विखुरलेल्या तिच्या समूहांत गुणसूत्रांची संख्या सारखी नाही. म्हणून एक पट्टा राखला म्हणजे सारी जात राखली, असे म्हणता येत नाही.

गुणसूत्रांची संख्या ही श्रेष्ठत्वाची पायरी नव्हे. ती त्या जातीने केलेल्या प्रवासाची खूण आहे. वर्गात माणसाची ४६ गुणसूत्रे फळ्यावर लिहिताना शिक्षकांनी शेजारी मुंगीची २ आणि १२० हे आकडेही लिहावेत. ‘असे का?’ हा प्रश्न मग विद्यार्थीच विचारतील आणि उत्क्रांतीचा धडा तेथूनच सुरू होईल.