मागल्या धन्याचा शब्द

मुलगा किंवा सून संगणकाच्या कंपनींत नोकरीस आहे असें घर आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या आप्तवर्गांत सहज सांपडेल. अशा घरांत २०२० च्या महासाथीपासून ‘वर्क फ्रॉम होम’ हे शब्द रुळले, आणि मागाहून ‘आतां पुन्हां कचेरींत बोलावतात’ ही कुरकुरही रुळली. वडील मंडळी ही कुरकुर ऐकून हंसतात. कचेरींत जाण्यांत एवढें दुःख तें कसलें, आमचा तर उभा जन्म तेथें गेला, असें त्यांचें म्हणणें. आमच्या मतें हें हंसणें अस्थानीं आहे. नीट पाहिलें तर तक्रार कचेरीविषयीं फारशी नाहीं. ती दिलेल्या आणि मग मोडलेल्या शब्दाविषयीं आहे. आणि पुष्कळदां हा शब्द मोडतो तो कंपनीच्या गादीवर नवा धनी आल्यानंतर.

हा प्रकार महासाथीहून जुना आहे. अमेरिकेंतील याहू ही कंपनी एके काळीं इंटरनेटच्या व्यवहारांत अग्रगण्य होती. पुढें गूगलनें तिला मागें टाकलें व तिचा पडता काळ सुरू झाला. जुलै २०१२ मध्यें तिच्या संचालकांनीं गूगलमधील मारिसा मायर ह्या सदतीस वर्षांच्या बाईंस मुख्याधिकारी नेमलें. बाई त्या वेळीं गरोदर होत्या. सप्टेंबरअखेर त्यांस मुलगा झाला, आणि जेमतेम दोन आठवड्यांच्या रजेनंतर त्या पुन्हां कामास लागल्या. आरंभीं नोकरवर्ग त्यांच्यावर खूष होता, कारण त्यांनीं कचेरींतील जेवण फुकट केलें व सर्वांस नवे फोन वांटले. मग फेब्रुवारी २०१३ मध्यें नोकरवर्गाच्या खात्याकडून एक पत्र निघालें. घरून काम करणारांनीं जून महिन्यापासून कचेरींत येऊन काम करावें, असा त्याचा आशय. उत्तम कल्पना जेवणघरांत, येतांजातां, अवचित गांठीभेटींतून निघतात, आणि घरून काम केल्यानें वेग व दर्जा ह्यांची हानि होते, असें कारण दिलें होतें. इतकेंच नव्हे, तर तारजोडणीचा कारागीर येणार म्हणून एखादे दिवशीं घरीं थांबावें लागलें, तर तेंही तारतम्यानें करावें, अशी पुरवणी होती. पत्र खासगी होतें. तें लागलीच बाहेर फुटलें.

कंपनींत सुमारें साडेअकरा हजार माणसें होतीं. त्यांतील नित्य घरून काम करणारीं कांहीं शेंच होतीं असें त्या वेळीं छापून आलें. तरी गलका मोठा उठला, कारण ह्या मंडळींपैकीं पुष्कळांनीं घरून काम करावयास मिळेल ह्याच अटीवर नोकरी पत्करली होती. त्यांत तान्ह्या मुलांच्या आया होत्या, दूरच्या गांवीं बिऱ्हाड थाटलेले लोक होते. आणि आयांस विशेष झोंबलें तें असें कीं, मायरबाईंनीं स्वखर्चानें आपल्या कचेरीला लागून तान्ह्या मुलासाठीं खोली बांधवून घेतल्याचें प्रसिद्ध झालें होतें. ज्या आईजवळ तशी खोली बांधण्याइतका पैसा नाहीं आणि तेवढा अधिकारही नाहीं, तिनें पाळणा कोठें टांगावा? ह्या प्रश्नाला उत्तर मिळालें नाहीं. मात्र न्यायाची गोष्ट म्हणून सांगितलें पाहिजे कीं, त्याच वर्षीं एप्रिलमध्यें बाईंनीं बाळंतपणाची सवेतन रजा सोळा आठवड्यांपर्यंत वाढविली व बापांनाही आठ आठवडे दिले.

बाईंची बाजू अगदींच लंगडी नव्हती. बुडत्या गलबतावरील माणसें एकत्र असावींत असें कोणत्याही तांडेलास वाटणारच. एकटा माणूस अधिक काम उरकतो, पण माणसें एकत्र आलीं म्हणजे नवें कांहीं सुचतें, असें त्यांनीं पुढें स्वतःच एका परिषदेंत सांगितलें. हें आम्हांस बरेंचसें पटतें. परंतु त्यासाठीं ज्यांच्याशीं तसा ठराव झाला होता त्यांनाही सर्वांबरोबर एकाच दोरींत बांधावयास हवें होतें काय? २०१७ मध्यें याहूचा मुख्य धंदा व्हेरायझन कंपनीनें सुमारें साडेचार अब्ज डॉलरांस घेतला व बाई पायउतार झाल्या. घरचें काम बंद केल्यानें कंपनी बुडाली असें कोणी म्हणणार नाहीं. त्यानें ती तरलीही नाहीं, एवढें खरें.

आतां ह्याचा धर्माच्या दृष्टीनें विचार करूं. आमच्या स्मृतिकारांनीं दायाचा विचार केला तेव्हां ऋणाचाही केला. बापाचें घर, शेत, गुरें ज्या पुत्रास मिळावयाचीं, त्यानें बापाचें कर्जही फेडावें, हा दंडक. (२००५ च्या कायद्यानें पुत्रावरील हें धार्मिक बंधन आपल्याकडे नव्या कर्जांपुरतें काढून टाकलें, तो विषय वेगळा.) ह्या दंडकाला अपवादही सांगितले आहेत. मद्यापायीं झालेलें कर्ज, द्यूतांतलें कर्ज, आणि ‘वृथादान’ म्हणजे भलत्यास भलतेंच देऊं केलेलें दान, हीं पुत्रानें फेडण्याचें कारण नाहीं. कंपन्यांचे नवे धनी जें बोलतात त्याचा मथितार्थ आमच्या समजुतीप्रमाणें हाच कीं, मागल्यानें दिलेली सवलत हें वृथादान होतें, सबब तें आम्हांवर बंधनकारक नाहीं. येथें एक बारीक गोष्ट नजरेआड होते. बाप मरतो, म्हणून पुत्राचा प्रश्न उद्भवतो. कंपनी मरत नाहीं. बदलतो तो कारभारी. ज्या तोंडानें शब्द दिला तें तोंड कंपनीचें, आणि तें अजून जिवंत आहे.

वृथादान होतें काय, तें पाहूं. ट्विटर कंपनीनें मे २०२० मध्यें जाहीर केलें कीं, ज्यांचें काम घरून होण्याजोगें आहे त्यांस हवें तर कायमचें घरून काम करतां येईल. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस ती इलॉन मस्क ह्यांनीं विकत घेतली. आठवड्याभरांत सुमारें साडेसात हजार माणसांपैकीं निम्म्यांस निरोप मिळाला. जे उरले त्यांस नव्या धन्याचें पहिलें पत्र नोव्हेंबरच्या ९ तारखेस रात्रीं आलें: घरून काम बंद, आठवड्यास निदान चाळीस तास कचेरींत हजर असावें, अपवाद हवा असल्यास धनी स्वतः मंजूर करतील. आणखी आठवड्यानें दुसरें पत्र. कसून राबण्याची तयारी दाखवा, नाहीं तर तीन महिन्यांचा पगार घेऊन निघा. उत्तरास दुसऱ्या दिवसाच्या सायंकाळपर्यंत मुदत. शेंकडों लोक निघाले. ‘कायमचें’ ह्या शब्दाचें आयुष्य अडीच वर्षें भरलें. याहूनें निदान तीन महिन्यांचा अवधि दिला होता.

आपल्या घराजवळचें उदाहरण टाटा कन्सल्टन्सीचें. २०२० मध्यें ह्या मुंबईच्या कंपनीनें अशी योजना जाहीर केली होती कीं, २०२५ पर्यंत आपल्या नोकरांपैकीं शेंकडा पंचविसांहून अधिकांस एका वेळीं कचेरींत असण्याची गरज पडणार नाहीं. हें औदार्य नव्हतें. जागा, वीज, वाहतूक ह्यांचा हिशेब त्यांत होता. ज्या व्यवहारांत दोन्ही पक्षांचा लाभ आहे त्यास दान म्हणत नाहींत, मग वृथादान तर दूरच. जून २०२३ मध्यें श्री. कृतिवासन मुख्याधिकारी झाले, आणि ऑक्टोबरपासून आठवड्याचे पांचही दिवस कचेरींत येण्याचा हुकूम सुटला. पुढच्या वर्षीं तिमाही बदलत्या वेतनाची सांगड हजेरीच्या टक्क्यांशीं घालण्यांत आली. हजेरीपट आम्हीं पुष्कळ वर्षें भरला आहे. वर्गांत देहानें बसलेला मुलगा मनानें नदीवर असतो, हें त्या पटांत दिसत नाहीं.

तथापि आम्हांस अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट ह्याच्याही आधींची आहे. २०२२-२३ सालच्या अहवालांत ह्याच कंपनीच्या नोकरवर्गप्रमुखांनीं नमूद केलें कीं, एरवीं नोकरी सोडण्याचें प्रमाण स्त्रियांत पुरुषांइतकें किंवा कमीच असे, तें त्या वर्षीं पुरुषांहून अधिक झालें. आणि महासाथींत घरून काम करतांना कांहीं घरांची घडी नव्यानें बसली, हें त्याचें कारण असावें, असा त्यांचा तर्क होता. ‘घरांची घडी’ म्हणजे काय, तें आमच्या वाचक-भगिनींस सांगावयास नको. सासऱ्यांचें औषध अकरा वाजतां, मुलीची शाळा साडेबारास सुटते, आणि मध्यें सुनेची दूरस्थ सभा. ही घडी तिनें तीन वर्षांत बसविली. कोणी पुण्याचें भाड्याचें बिऱ्हाड मोडून साताऱ्यास किंवा नाशकास आईवडिलांजवळ गेलें, मुलांचीं नांवें तेथल्या शाळेंत घातलीं. हिंजवडीच्या रस्त्यावर खोळंबणारे तास वांचले, ते घरास मिळाले. एका पत्रानें हें सगळें उलगडावयाचें, आणि घडी पुन्हां घालावयाची कोणी? नोकरी कोणी सोडावी ह्याविषयीं घरांत मतभेद झाला तर निकाल कोणाविरुद्ध लागतो, तेंही त्या अहवालावरून उमगतें.

धन्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा त्यांनाच नीट मांडतां येत नाहीं, म्हणून आम्ही मांडतों. संस्कृतांत शिष्याला ‘अन्तेवासी’ म्हणतात, म्हणजे गुरूच्या जवळ राहणारा. अर्धी विद्या पाठांतून येते. उरलेली गुरु कसा अडखळतो व कसा सांवरतो तें पाहून. नुकता पदवी घेतलेला मुलगा खोलीचें दार लावून पडद्यासमोर बसला, तर ही दुसरी विद्या त्यास कोण देणार? तेव्हां नवशिक्यांनीं कांहीं दिवस कचेरींत जावें हें खासच. पण त्यासाठीं पांच दिवस लागतात काय? चीनमधील एका मोठ्या प्रवास-कंपनींत स्टॅन्फर्डचे प्राध्यापक निकोलस ब्लूम व त्यांचे सहकारी ह्यांनीं सोळाशें माणसांवर प्रयोग केला, तो २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला. आठवड्यांतून दोन दिवस घरून काम दिल्यानें कामांत किंवा बढतींत कांहीं उणें आलें नाहीं, आणि नोकरी सोडणारांची संख्या तिसऱ्या हिश्शानें घटली. ही घट विशेषेंकरून स्त्रियांत आणि ज्यांस लांबून यावें लागे अशांत दिसली.

नव्या कारभाऱ्यानें कांहीं बदलूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. ऋण फेडण्याच्या रीति पुष्कळ आहेत. ज्यांस त्या अटीवर घेतलें त्यांची अट चालू ठेवावी. नव्यांस नवा नियम लावावा. ज्यांनीं शब्दावर विसंबून गांव बदललें त्यांस शाळेचें वर्ष संपेपर्यंत मुदत द्यावी, सामान हलविण्याचा खर्च द्यावा. आणि नोकरी स्वीकारणारानेंही नेमणूकपत्र नीट वाचावें. सभेंत केलेली घोषणा निराळी आणि पत्रांतलें कलम निराळें. अशा पत्रांतून कामाचें ठिकाण लिहिलेलें असतें, आणि त्याखालीं बहुधा बारीक अक्षरांत, तें बदलण्याचा अधिकार कंपनीकडे राखून ठेवलेला असतो. घरून काम करण्याची गोष्ट तोंडी ठरली असेल, तर ती त्याच पत्रांत सहीनिशीं लिहून मागावी. फार तर नाहीं म्हणतील. पण मग बिऱ्हाड हलविण्यापूर्वीं तेवढें कळलेलें बरें.