नळदुर्गच्या पाण्यावरची होडी आणि तिचा हिशेब

नळदुर्गच्या वरच्या अंगाला बोरी नदीवरचा मध्यम प्रकल्प भरला आणि सांडव्यावरून पाणी सुटले, की दोन-चार दिवसांत ही बातमी सोलापूर, लातूर, उमरग्यापर्यंत पोहोचते. किल्ल्यातले नर आणि मादी हे दोन्ही धबधबे वाहू लागतात. १६१३ साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, बोरीचे पात्र अडवून किल्ल्यात बंधारा बांधला गेला. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. बंधाऱ्यावरून पाणी कोसळत असताना माणूस आत कोरडा उभा राहून ते पाहू शकतो. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. मागच्या दशकात त्याची देखभाल खासगी सहभागातून करण्याचा प्रयोग झाला, तेव्हा तटबंदीच्या आतल्या पाण्यात नौकाविहाराचीही सोय झाली.

टँकरच्या खेपा मोजणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात बोटिंग कशाला, असे विचारणारे अनेक आहेत. त्यांचा प्रश्न रास्त आहे. उलट बाजूने, कुठलाही तलाव भरला की 'इथे बोटिंग सुरू करा, पर्यटन वाढेल' अशी मागणी होते. तीही मनापासून असते. या दोघांनाही उपयोगी पडेल असा एक हिशेब आहे. हौसेच्या बोटीचा धंदा जगात सगळीकडे एकाच गोष्टीवर तरतो किंवा बुडतो: बोट वर्षातले किती दिवस पाण्यात कमाई करते आणि किती दिवस नुसती उभी असते.

आधी जगाकडे पाहू, कारण तिथे हे मोठ्या अक्षरांत दिसते. अमेरिकेत हौसेच्या बोटींचा सर्वांत मोठा बाजार आहे. तिथे सरोवराकाठी राहणारे मध्यमवर्गीय कुटुंबही मोटारबोट घेते, आणि बहुतेक वेळा ती कर्जावर घेते. घर लागतेच, गाडीवाचून अडते, बोटीवाचून कुणाचे अडत नाही. त्यामुळे हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली काट बोटीवर बसते. २००८च्या मंदीत हेच झाले. काही वर्षांत नव्या मोटारबोटींची विक्री निम्म्याहून खाली आली आणि २००९ साली जेनमार हा तिथला एक मोठा बोटउत्पादक दिवाळखोरीत गेला.

मग २०२० उजाडले. विमाने बंद, हॉटेले बंद, माणसे घरात. स्वतःच्या कुटुंबापुरते बाहेर पडायला पाणी ही सुरक्षित जागा ठरली. शिवाय व्याजदर शून्याजवळ आले होते. त्या एका वर्षात अमेरिकेत तीन लाखांहून जास्त नव्या मोटारबोटी विकल्या गेल्या. २००८च्या मंदीनंतर एवढी विक्री झाली नव्हती. कारखान्यांना इंजिने पुरेनात आणि गिऱ्हाइके महिनोन्‌महिने थांबू लागली. विक्रेत्यांनी भरमसाठ मागण्या नोंदवल्या. २०२२पासून व्याजदर चढू लागले आणि २०२३मध्ये पाच टक्क्यांच्या वर गेले. बोटीचा हप्ता फुगला, गिऱ्हाईक मागे सरले, आणि उशिरा तयार झालेल्या बोटी विक्रेत्यांच्या आवारात साचल्या. मग सवलती आल्या आणि कारखान्यांनी उत्पादन आवरते घेतले. फ्रान्समधली १८८४ साली सुरू झालेली बेनेतो असो की अमेरिकेतली ब्रन्सविक, या चढउतारातून कुणीच सुटले नाही.

कराची गोष्टही इथेच सांगायला हवी. १९९१ साली अमेरिकेने एक लाख डॉलरवरच्या बोटींवर दहा टक्के चैनकर बसवला. हेतू श्रीमंतांकडून पैसा काढण्याचा होता. श्रीमंतांनी नवी बोट घेणे पुढे ढकलले किंवा जुनी घेतली. फटका बोटी बांधणाऱ्या कामगारांना बसला आणि १९९३ साली बोटींवरचा तो कर मागे घ्यावा लागला. भारतात सप्टेंबर २०२५पासून यॉट आणि हौसेच्या इतर बोटींवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. वल्ह्यांच्या होड्यांचा मात्र १८ टक्क्यांवर आला. आपल्याकडे हौसेची बोट सहसा कुटुंब घेत नाही, ठेकेदार, पर्यटन महामंडळ किंवा एखादी संस्था घेते. म्हणजे हा कर मुंबईतल्या यॉटवाल्याइतकाच मोटारबोट घेऊ पाहणाऱ्या छोट्या केंद्रचालकाच्याही माथी येतो, आणि शेवटी तिकिटात उतरतो. वल्ह्याच्या होडीला मिळालेली सवलत मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. मराठवाड्यातल्या पाण्याला तीच बोट जास्त साजेशी आहे. ते कसे, ते आता पाहू.

खासगी बोट वर्षातले बहुतेक दिवस नुसती बांधून ठेवलेली असते. त्या दिवसांतही तिला जागेचे भाडे, विमा, रंगरंगोटी आणि कर्जाचा हप्ता चुकत नाही. हा उभा खर्च अनेकांत वाटून घ्यायची युक्ती म्हणून बोट क्लब वाढले. सभासदाने ठरावीक वर्गणी भरायची, हव्या त्या दिवशी बोट न्यायची, देखभाल क्लबची. २०१९ साली ब्रन्सविकने फ्रीडम बोट क्लब ही अशी साखळीच विकत घेतली. बोटी बनवणाऱ्यालाच बोट भाड्याने देण्याच्या धंद्यात उतरावेसे वाटले, यावरून वारा कुठला आहे ते कळते. आपल्याकडे बोट पहिल्यापासूनच वाटून वापरली जाते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर किंवा कोयनेच्या शिवसागरात तापोळ्याला एकाच बोटीत दिवसभरात कितीतरी कुटुंबे बसून जातात. या बाबतीत आपण जगाच्या मागे नाही.

मात्र वेण्णा तलावाला जे आहे ते बोरीला नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी आणि बारमाही पर्यटक, दोन्ही तिथे आहेत. धाराशिव जिल्हा बालाघाटच्या रांगांवर आहे. इथला काही पाऊस तेरणा-मांजरेतून गोदावरीला जातो, उरलेला बोरी-सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला. दोन मोठ्या खोऱ्यांच्या दुभाजकावर असल्यामुळे इथल्या नद्या उगमाजवळच्या, लहान, आणि पावसाच्या लहरीवर चालणाऱ्या. निम्न तेरणा, सीना कोळेगाव ही धरणे एखाद्या वर्षी तुडुंब असतात, तर एखाद्या वर्षी मृतसाठ्याच्या खाली. २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. बोरीच्या प्रकल्पातून तर तुळजापूर, नळदुर्ग, अणदूर यांना पिण्याचे पाणी जाते. राज्याच्या जलनीतीत पिण्याचे पाणी पहिले, शेती त्यानंतर. बोटिंगसाठी पाणी राखून ठेवायचा प्रश्नच येत नाही, आणि येऊही नये.

आता एका होडीचा हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या तलावाचे घालून पाहावेत. पाच पॅडल बोटींचे छोटे केंद्र. एका चार आसनी बोटीची किंमत एक लाख, आयुष्य पाच वर्षे. तिकीट माणशी पन्नास रुपये. पाणी सहा महिने, म्हणजे २६ आठवडे टिकते. रविवारी एका बोटीच्या दहा फेऱ्या होतात, शनिवारी पाच, इतर दिवशी सरासरी एकच. रविवारचे दोन हजार, शनिवारचे हजार, बाकीच्या पाच दिवसांचे मिळून हजार. आठवड्याचे चार हजार झाले, आणि हंगामाचे एक लाख चार हजार.

खर्चाकडे या. पाच बोटींवर दोन माणसे, पाचशे रुपये रोज. एका बोटीच्या वाट्याला हंगामात ३६,४०० येतात. दुरुस्ती, लाइफ जॅकेट, विमा मिळून पंधरा हजार. जागेच्या मालकाचा वाटा उत्पन्नाच्या वीस टक्के, म्हणजे २०,८००. बोटीची झीज वर्षाला वीस हजार. बेरीज ९२,२००. हातात उरले ११,८००.

त्याच वर्षी परतीचा पाऊस चुकला आणि पाणी दोन महिने आधी आटले, तर २६चे १७ आठवडे होतात. उत्पन्न ६८,००० वर येते. मजुरी कमी होते, जागेचा वाटा कमी होतो, पण झीज आणि दुरुस्ती तेवढीच राहते. खर्च ७२,४०० होतो आणि ४,४०० रुपये अंगावर येतात. तिकीट तेच, बोट तीच, गर्दी तीच. नऊ आठवड्यांच्या पाण्याने नफ्याचा तोटा केला. अमेरिकेतल्या विक्रेत्याला व्याजदर जसा रडवतो, तसा इथल्या ठेकेदाराला तलावाचा काठ रडवतो. म्हणूनच पाचऐवजी पंधरा बोटी घ्या, मोटारबोट आणा, जेटी बांधा, असे सल्ले इथे घातक ठरतात. उभा खर्च जितका मोठा, तितके कमी पावसाचे वर्ष जड जाते. मोटारबोटीचे आउटबोर्ड इंजिन बहुधा यामाहा, सुझुकी, होंडा, मर्क्युरी अशा कंपन्यांचे असते. त्याच्या किमतीत जपानी येन, डॉलर आणि आयातशुल्क येऊन बसतात, पेट्रोल वेगळे. वल्ह्याच्या होडीला यातले काहीच लागत नाही, आणि पाणी ओसरले की चार माणसे ती उचलून काठावर ठेवतात.

हे झाले पाण्याचे. गर्दीच्या बाबतीत नळदुर्गचे नशीब चांगले आहे. किल्ला सोलापूर-हैदराबाद महामार्गालगत आहे आणि तुळजापूर तालुक्यातच आहे. आश्विन नवरात्रात तुळजाभवानीला लाखो भाविक येतात, कोजागरीला पुन्हा रीघ लागते. नेमके हेच दिवस बोरी भरलेली असण्याचे. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीलाही मोठी गर्दी होते, पण तेव्हा तलावांचे तळ दिसू लागलेले असतात. जिल्ह्यात बोटिंगचे गणित जमायचेच असेल, तर ते सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत जमेल. बारमाही बोटिंगचा प्रस्ताव कुणी मांडला, तर त्याला पहिल्यांदा मागच्या दहा वर्षांतली त्या तलावाची मे महिन्यातली पातळी विचारावी.

सुरक्षेवरचा खर्च वर मी पंधरा हजारांत गुंडाळला. तो कापता येत नाही, हे मात्र ठासून सांगायला हवे. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीच्या मुलांनी खच्चून भरलेली बोट उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी २१ मे रोजी आपल्या शेजारच्या उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात सापडून सहा जण बुडाले. चार आसनांच्या बोटीत पाचवा बसवून मिळणारे पन्नास रुपये हे धंद्यातले सर्वांत महाग पन्नास रुपये आहेत. अंतर्देशीय जलवाहतुकीचा १९१७चा जुना कायदा जाऊन २०२१चा नवा आला. नोंदणी, तपासणी, चालकाची पात्रता त्यात आहे. छोट्या तलावापर्यंत तो पोहोचवायला तहसील कचेरीपासून नगरपरिषदेपर्यंत सगळ्यांना जागे राहावे लागेल.

नवा बदल विजेच्या बोटींचा आहे. २००५ साली सुरू झालेली टॉरकीडो ही जर्मन कंपनी बोटींच्या विजेच्या मोटारी बनवते. २०२४ साली यामाहाने ती घेतली. केरळात वैकमला २०१७पासून 'आदित्य' ही ७५ आसनांची सौरबोट प्रवासी नेते. ही बोट कोचीतच बांधलेली. जिथे तलावाचे पाणी पिण्यासाठी जाते तिथे पेट्रोल-ऑइलचा तवंग नको, म्हणून अशी बोट मनात भरते. तरीही ती महाग आहे, आणि महाग वस्तूला जास्त आठवडे पाणी लागते. निम्न तेरणेसारख्या मोठ्या जलाशयावर पुढे कधी विचार करता येईल. नळदुर्गला आज वल्हे आणि पॅडल पुरेसे आहे.

उभ्या बोटीला काम देण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. सप्टेंबर २०२५मध्ये परंडा, भूम तालुक्यांत सीनेसह नद्यांना पूर आला, तेव्हा अडकलेल्या माणसांना काढायला बचाव पथकांच्या बोटी आणि हेलिकॉप्टर बाहेरून आणावे लागले. एरवी ओढ्यापलीकडे जायला गावकरी गुऱ्हाळाची काहील पाण्यात टाकतात, मासे धरणारे थर्माकोलच्या चप्पूवर बसतात. पाणी ओळखणारी माणसे या जिल्ह्यात आहेत. तलावांवर मासेमारी करणाऱ्या भोई समाजाच्या सहकारी संस्था आहेत. बोटिंगचा ठेका त्यांना दिला, त्यांतल्या तरुणांना जीवरक्षकाचे प्रशिक्षण दिले, आणि एक-दोन बोटी पुरासाठी आपत्ती व्यवस्थापन विभागाच्या यादीत ठेवल्या, तर झीज आणि विम्याचा काही भाग सरकारने उचलणे योग्य ठरेल. वरच्या हिशेबात तेवढे वीस-पंचवीस हजार बाजूला झाले, तर १७ आठवड्यांच्या वर्षातही बोट तोट्यात जात नाही. ठेक्याच्या करारात मग दोन कलमे हवीत: कुठल्या पातळीखाली पाणी गेले की बोटी बाहेर काढायच्या, आणि त्या दिवसापासून जागेचे भाडे थांबायचे.